रिकामी टाकी जमिनीतून वर आली: चोवीस टन कोणी उचलले?

प्रश्न थोडक्यात असा. संगमेश्वर तालुक्यात भातखाचराच्या वरच्या अंगाला नवं घर. परसात जमिनीखाली २० हजार लिटरची आरसीसी टाकी, आतून ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २ मीटर खोल. मेअखेरीस वरचा स्लॅब ओतून झाला, पाणी भरायचं राहून गेलं. जुलैत दोन दिवस सलग झड लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीचा घराकडचा कोपरा सव्वा फूट वर, समोरचा चार इंच वर, पाइप तुटलेले. ठेकेदार म्हणतो जमीन फुगली. शेजारी म्हणतात सिमेंट खाल्लं. तुम्ही विचारता: "पाणी खाली दाबतं, ते वर कसं ढकलेल? आणि एवढी जड वस्तू उचलायला तळं लागेल, आमच्या परसात तर घोटाभरही पाणी साचलं नव्हतं."

आधी निकाल सांगतो, कारणं मग. तुमची टाकी तरंगली. होडी तरंगते तशीच. जमीन फुगलेली नाही. फुगते ती देशावरची काळी माती, आणि तीही रिकामी टाकी एका रात्रीत फूटभर उचलून ठेवत नाही. सिमेंटचाही संबंध नाही. उलट काँक्रीट कच्चं असतं तर टाकी उचलली जाण्याआधी तळ फुटून पाणी आत शिरलं असतं आणि टाकी जागेवर राहिली असती. तुमची टाकी चांगली बांधलेली होती म्हणूनच ती तरंगली, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच आहे.

आता "पाणी खाली दाबतं" याबद्दल. विहिरीतून पोहरा शेंदला असेल तर हे तुमच्या हाताला ठाऊक आहे. पाण्यात बुडालेला भरला पोहरा ओढताना दोर हलका लागतो, आणि तो पाण्याच्या वर आला की हाताला एकदम ओढ बसते. पोहऱ्यातलं पाणी तेवढंच, पोहरा तोच. फरक एवढाच की आत असताना विहिरीचं पाणी त्याला खालून उचलून धरत होतं. रिकामी कळशी तोंड वर ठेवून हौदात दाबून बघा. जितकी खाली न्याल तितकी ती जोराने हात परतवते.

पाण्याला वजन आहे, त्यामुळे खोल जावं तसा दाब वाढतो, इथपर्यंत सगळे बरोबर असतात. चूक पुढे होते. पाणी हा दगडांचा ढीग नाही. दगडाचा दाब मुख्यतः खाली जातो, कारण दगड आपला आकार सोडत नाही. पाण्याला स्वतःचा आकारच नाही, दाबलं की ते निसटायला बघतं, आणि निसटायला सगळ्या दिशा सारख्याच. म्हणून एखाद्या खोलीवर पाण्याचा जो दाब असतो तो खाली जेवढा, तेवढाच आडवा आणि तेवढाच वर. ज्या पृष्ठभागाला पाणी टेकलं असेल त्याला ते काटकोनात ढकलतं, मग तो पृष्ठभाग भिंत असो, तळ असो की छत.

आकडा लक्षात ठेवायला फार सोपा आहे. मीटरभर खोलीला दर चौरस मीटरवर एक टन. दोन मीटर खोलीला दोन टन. साइटवर मी चौतीस वर्षं एवढ्या एका आकड्यावर अर्धं काम केलं.

आता तुमच्या टाकीवर हे लावू. भिंती आणि तळ २०० मिलिमीटरचे, वरचा स्लॅब १२५ मिलिमीटरचा, असं तुम्ही कळवलंत. म्हणजे बाहेरून टाकी ४.४ मीटर बाय २.९ मीटर, तळाचं क्षेत्र पावणेतेरा चौरस मीटर, एकूण उंची २.३२ मीटर. तळाचं काँक्रीट अडीच घनमीटर, भिंतींचं साडेपाच, स्लॅबचं सुमारे १.६. एकूण ९.७ घनमीटर. घनमीटरला अडीच टन धरले तर रिकाम्या टाकीचं वजन २४ टन. हे झालं खाली ओढणारं.

वर ढकलणारं किती? समजा टाकीभोवती पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत आलं. तळाच्या खालच्या अंगाला खोली २.३२ मीटर, म्हणून दाब चौरस मीटरला २.३२ टन, आणि क्षेत्र पावणेतेरा. गुणाकार २९.७ टन. भिंतींवरचा दाब समोरासमोर आहे, तो एकमेकांना मारून टाकतो. वरच्या स्लॅबवर पाणी नाही, तिथून खाली दाबणारं कोणी नाही. उरतो तो तळाखालचा जोर. वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या वजनाने ती वर ढकलली जाते हा आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ केला होता, तो हाच. वेगळा काही चमत्कार नाही, तळ आणि माथा यांच्यावरच्या दाबातला फरक, बस.

२४ विरुद्ध २९.७. टाकी हरली.

उलट बाजूने बघा. टाकी उचलायला नेमकं किती पाणी लागलं? चोवीस टनांना पावणेतेराने भागा, १.८९ मीटर येतात. तळापासून बाहेरचं पाणी एवढं चढलं की टाकीचा जमिनीवरचा भार शून्य. त्यानंतर पाणी जेवढं चढेल तेवढीच टाकी चढेल, होडी भरतीबरोबर चढते तशी. पाणी अगदी जमिनीला टेकलं तरी टाकी जास्तीत जास्त ४३ सेंटिमीटर वर येऊ शकते, त्याहून नाही. तुमचा एक कोपरा सव्वा फूट वर आहे, म्हणजे ३८ सेंटिमीटर, दुसरा १०. मधला हिशेब २४ धरला तर त्या रात्री टाकीभोवतीचं पाणी जमिनीखाली जेमतेम वीतभर होतं. वर दिसलं नाही, कारण ते वर नव्हतंच. मातीत होतं. भाताचं खाचर पायथ्याशी आणि आषाढ अर्धा सरलेला, अशा जागी पाण्याची पातळी वीतभरावर असणं यात नवल नाही. परसात काठी खुपसून बघितलं असतंत तर भोकात पाणी लागलं असतं.

"तळं लागेल" हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण इथे भले भले अडखळतात. टाकी बसवताना भोवती फूटभर जास्त खणलेलं असतं आणि नंतर ती फट सैल मातीने बुजवलेली असते. तुमच्याकडेही तसंच, फोटोत दिसतंय. त्या फटीचं क्षेत्र पावणेपाच चौरस मीटर. ती १.८९ मीटर भरायची, पण तिच्यात आधीच माती आहे, मोकळी जागा फार तर तिसरा हिस्सा. म्हणजे साधारण ३ घनमीटर. तीन टन पाण्याने चोवीस टनांची टाकी उचलायच्या बेताला आणली. हजार चौरस फुटांच्या छपरावर ३३ मिलिमीटर पाऊस पडला की एवढं पाणी पागोळ्यांतून खाली येतं, आणि तुमच्या पागोळ्या पडतात कुठे, तर टाकीच्या घराकडच्या कडेला. जुलैत कोकणात ३३ मिलिमीटर ही एका दमदार सरीची गोष्ट आहे. पुढे टाकी वर सरकताना तिच्याखालची पोकळी भरायला आणखी तीनेक हजार लिटर लागलं असेल, आणि ते मातीतून झिरपत यायला वेळ लागतो. म्हणून टाकी उसळली नाही, रात्रभर हळूहळू चढत राहिली. झोपेत कुणाला आवाज आला नाही, तो याचमुळे.

तीन टनांनी चोवीस उचलले हे बुद्धीला खटकतं. खटकायलाच हवं. पाण्याचा दाब किती पाणी आहे हे बघतच नाही, ते किती उंच उभं आहे एवढंच बघतो. बोटाएवढ्या नळीत दोन मीटर पाणी उभं असो वा रंकाळा तलावात दोन मीटर असो, तळाशी दाब एकच. हॉलंडमधल्या सायमन स्टेव्हिनने १५८६ साली हे मांडलं तेव्हाही लोकांना ते कोड्यासारखंच वाटलं, आणि पुस्तकांत त्याला आजही विरोधाभासच म्हणतात. धरणाच्या भिंतीला हेच लागू. भिंतीला तीस मीटर पाणी टेकलं असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेचारशे टनांचा आडवा रेटा येतो. मागचा जलाशय पंचवीस किलोमीटर लांब असो किंवा हातभर रुंदीची फट असो, रेटा तोच. धरण बघायला आलेली मंडळी "एवढं सगळं पाणी ही भिंत कशी अडवते" म्हणतात तेव्हा मी सांगतो, ती "एवढं सगळं" अडवत नाही, ती फक्त उंची अडवते. बहुतेकांचा चेहरा कोराच राहतो.

यावर ठेकेदाराचा पुढचा बचाव मला ठाऊक आहे, कारण तो मी पाच-पन्नास वेळा ऐकलाय: "साहेब, तळाखाली पीसीसी (सळईविना काँक्रीट), त्याच्याखाली सोलिंग (दगडांचा थर), टाकी जमिनीला घट्ट बसलेली. मध्ये पाणी शिरायला जागाच कुठाय?" जागा लागत नाही. पाण्याला केसाएवढी वाट पुरते. मुरूम, माती, सोलिंगचे दगड, पीसीसी, सगळ्यांत छिद्रं आहेत आणि ती एकमेकांना जोडलेली आहेत. पाणी वाहत आलं नाही तरी दाब पोचतो. चिकणमातीत पोचायला दिवस लागतील, मुरमात तासांचं काम.

हा बचाव ठेकेदारांनी शोधलेला नाही, एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे इंजिनिअर असंच धरून चालत होते. दगडी धरणाच्या पायाखाली, किंवा बांधकामाच्या सांध्यांत, पाणी शिरून भिंतीला वर उचलेल हा हिशेबच ते करत नसत. फ्रान्समध्ये एपिनालजवळ बुझे नावाचं धरण होतं. १८८४ साली त्याचा मोठा भाग फूटभर पुढे सरकला. डागडुजी करून परत पाणी भरलं. २७ एप्रिल १८९५ रोजी ते फुटलं आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. भिंतीला फार मोठा रेटा आलाच नव्हता, भिंतीच्या आत शिरलेल्या पाण्याने तिचं वजन हलकं करून टाकलं होतं. दगडी बांधकाम पाण्याच्या सव्वादोन ते अडीचपट जड. त्यातली पाण्याएवढी एकपट उचलीत, म्हणजे पाण्याच्या वर ढकलण्यात, गेली तर जवळपास चाळीस टक्के वजन गायब, आणि असं धरण फक्त स्वतःच्या वजनावर उभं असतं. मॉरिस लेव्ही या फ्रेंच इंजिनिअरने त्यानंतर नियम सुचवला की पाण्याकडच्या बाजूला भिंतीतला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबापेक्षा कमी होता कामा नये, म्हणजे पाणी फट उघडूच शकणार नाही. आपल्याकडचं प्रवरेवरचं भंडारदरा १९२६ साली पूर्ण झालं. १९६९ साली त्याला तडे गेले, गळती लागली, आणि पुढे मागच्या बाजूने टेकू देऊन ते मजबूत करावं लागलं. आज बहुतेक मोठ्या दगडी किंवा काँक्रीटच्या धरणांच्या पोटात बोगदा असतो, त्यात पायातून वर आलेली भोकं उघडतात आणि त्यातून पाणी ठिबकत असतं. नवखा माणूस ते बघून घाबरतो. खरं तर ते ठिबकणं थांबलं तर घाबरायचं. दाबाला बाहेर पडायला वाट करून दिलेली आहे, ती बुजली की दाब परत भिंतीला उचलायला लागणार.

तुमच्या टाकीला अशी वाट नव्हती, एवढंच.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. खाडीलगत एका वसाहतीसाठी मोठी भूमिगत टाकी चालली होती, तुमच्याहून दहापट. वरचा स्लॅब ओतायचा होता. उपसा करायला दोन डिझेल पंप अहोरात्र चालू. वरिष्ठांचा हुकूम होता की टाकी आतून कोरडी आणि झाडून स्वच्छ पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी कुणी मोठे साहेब पाहणीला येणार होते. रात्री दोनला एक पंप बंद पडला, दुसरा धापा टाकायला लागला, वर पाऊस. मी पुस्तकी पोरगा, मेकॅनिक शोधायला धावलो. परत आलो तर आमचे फोरमन, चौथीपर्यंत शिकलेले, त्यांनी खाडीकडच्या पाण्याचा पाइप उचलून टाकीत सोडलेला. आत गुडघाभर गढूळ पाणी. मी ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, चिखल धुता येतो. टाकी वर आली तर खाली कोण बसवणार?" सकाळी मोठ्या साहेबांनी गढूळ पाणी बघून तोंड वाकडं केलं, मला मेमो मिळाला. टाकी आजही जागेवर आहे. उत्प्लावन हा शब्द त्या फोरमनना ठाऊक नव्हता, पण होडीत पाणी शिरलं की होडी बसते हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं.

मुंबईत तळघरांच्या कामात हीच भानगड मोठ्या आकारात असते. खालचा राफ्ट (सगळ्या इमारतीखालचा एकसंध काँक्रीटचा तळ) आणि भिंती झाल्या की पंप बंद करायची घाई होते, डिझेल वाचतं ना. पण वर पुरेसे मजले चढून वजन येईपर्यंत तो खोका म्हणजे तुमची रिकामी टाकीच. कितव्या मजल्यानंतर उपसा थांबवायचा हा आकडा नकाशावर लिहिलेला असला पाहिजे, आणि तो लिहिलेला नसेल तर विचारायला लाजायचं नाही.

आता तुम्ही काय करायचं.

घाबरून टाकी भरायला घेऊ नका. ही सगळ्यात मोठी चूक, आणि तीच सुचते. टाकी वर गेली तेव्हा तिच्याखाली एका बाजूला पोकळी झाली आणि दुसऱ्या बाजूने माती आत सरकली. आत्ता तळ अर्ध्या जागी टेकलेला, अर्ध्या जागी अधांतरी. तिच्यात वीस टन पाणी ओतलंत तर अधांतरी भागात तळ मोडेल. आतही कुणाला उतरवू नका. तुटलेले पाइप आणि विजेची मोटर आधी सोडवून घ्या.

मग टाकीपासून दीड-दोन मीटर अंतरावर, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांजवळ, तळापेक्षा थोडे खोल खड्डे घ्या. त्यात पत्र्याचा भोकं पाडलेला डबा किंवा मोठा पाइप उभा करा, भोवती खडी टाका आणि त्यातून पाणी हळूहळू उपसा. हळूहळू यासाठी की घाईने उपसलं तर पाण्याबरोबर तळाखालची मातीही निघून जाते. टाकी बहुधा थोडी खाली बसेल, पूर्ण मूळ जागी येणार नाही. कोपऱ्यांवर खुणा करून रोज मोजा. हालचाल थांबली की, पाऊस संपल्यावर, आतून तळ बघा. रिकाम्या टाकीच्या तळाला पाणी खालून वर फुगवतं, म्हणून तडा गेला असेल तर तो मधोमध, आतल्या बाजूला दिसेल. भिंत आणि तळ मिळतात तो कोपराही नीट तपासा.

तडे नसतील आणि उतार दोन-तीन इंचांवर आला असेल, तर टाकी आहे तिथेच ठेवा. तळाखाली सिमेंट-वाळूचं पातळ मिश्रण भरून पोकळी बुजवून घ्या, पाइप नव्या पातळीला जोडा. टाकी परत मूळ पातळीला बसवण्याचा हट्ट धरू नका. कडेची माती खणून, पाण्याच्या झोताने खालचा गाळ काढून टाकी बसवणारे लोक आहेत, मी तीनदा ते पाहिलं, दोनदा टाकी फुटली.

शिवाय जे मुळात राहिलं ते आता करून घ्या. पागोळ्यांना पन्हाळ लावून पाणी टाकीपासून दूर न्या. तुमची जागा उताराची आहे, खाली खाचर आहे, हे तुमचं नशीब. टाकीच्या तळाच्या पातळीला भोवती खडी आणि त्यात सच्छिद्र पाइप घालून त्याचं तोंड खालच्या बांधात उघडं सोडा. धरणाच्या पोटातल्या भोकांचं काम हा पाइप करेल, पंप नको, वीज नको. फक्त तोंड दर मे महिन्यात साफ करायचं, बेडूक आणि मुळं दोघांनाही ती जागा आवडते.

नवीन बांधायची झाली असती तर? बहुतेक लोक म्हणतात तळ जाड करा. फायदा वाटतो तेवढा नाही. तळ १०० मिलिमीटरने जाड केला की काँक्रीटचं वजन ३.२ टनांनी वाढतं खरं, पण तेवढंच खोल खणावं लागतं, म्हणजे उचलही १.३ टनांनी वाढते. हातात उरतात जेमतेम १.९ टन. पाण्याखाली अडीच टनांचं काँक्रीट दीड टनाचंच काम करतं. त्यापेक्षा तळ भिंतींच्या बाहेर सगळीकडून फूटभर काढायचा. त्या पाऊलपट्टीवर वरची माती बसते, आणि टाकीला वर यायचं तर ती माती उचलून यावं लागतं. तुमच्या टाकीला अशी पाऊलपट्टी असती तर पाण्यात बुडालेल्या मातीचं कमी झालेलं वजन धरूनही खाली ओढणारं साडेचौतीस टनांवर गेलं असतं. वजन भागिले उचल हा आकडा आज तुमच्याकडे ०.८१ आहे, तो १.१७ झाला असता. आम्ही निदान १.२ बघतो. उरलेला फरक तळ दोन इंच जाड केला की भरून निघतो. भिंतींना मातीचं घर्षण धरून ठेवेल असं काही जण हिशेबात घालतात, मी घालत नाही. भिजलेल्या सैल भरावाला घर्षण मागणं म्हणजे उधारी बुडवणाऱ्याला जामीन ठेवणं.

बांधकाम चालू असतानाची काळजी वेगळी. तळात एक दोन इंची पाइप उभा सोडून द्यायचा. बाहेरचं पाणी चढलं तर ते त्यातून आपोआप आत येतं, टाकीला वजन मिळतं. स्लॅब झाला, पाणी भरलं, की पाइप बुजवायचा. खर्च अगदी किरकोळ.

शेवटी तुम्ही विचारलंय की टाकी कायम भरून ठेवली तर भिंती फुटतील का. उलटं आहे. भरलेल्या टाकीच्या भिंतीला तळाशी आतून चौरस मीटरला २ टन दाब, आणि बाहेरची माती तिला टेकू देते. रिकाम्या टाकीला पावसाळ्यात बाहेरून पाण्याचेच २ टन, वर भिजलेल्या मातीचा रेटा जवळपास एक टन, आणि आतून टेकू कोणाचाच नाही. म्हणजे दीडपट. भिंतीत दोन्ही अंगांना सळई घालतात ती म्हणूनच. तुमच्या ठेकेदाराने एकाच अंगाला घातली असेल तर मात्र शेजाऱ्यांचं म्हणणं थोडं ऐकून घ्या.

हेच गणित चारचाकीलाही लागू होतं, आणि तिथे पैसे नाही, जीव जातो. टनभर वजनाची गाडी, खालून क्षेत्र सुमारे ६ चौरस मीटर. गाडीचा तळ पाण्यात १७ सेंटिमीटर बुडाला की ती तरंगायला लागते. तळ मुळात जमिनीपासून तेवढाच उंच, म्हणजे एकूण ३४-३५ सेंटिमीटर, गुडघ्याच्याही खाली. चाकांची पकड गेली की साधा प्रवाह तिला पुलावरून ढकलतो. आणि गाडी अडकून बाहेर पाणी दाराच्या तळापासून दोन फूट चढलं तर दारावर दीडशे किलोहून जास्त रेटा येतो, आतून माणसाला ते उघडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत लोक बंद गाड्यांत अडकून दगावले. काच पाणी चढायच्या आधी खाली करायची. ते राहिलंच तर आत पाणी भरू द्यायचं, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की तेच दार हाताने उघडतं.

टाकी परत वापरात येईल तेव्हा आतल्या भिंतीवर तळापासून सव्वा मीटरवर लाल रंगाची रेघ मारून घ्या. त्या रेघेपर्यंत साडेबारा टन पाणी असतं, आणि ते असताना तुमची टाकी जागची हलत नाही. जून ते ऑक्टोबर पाणी त्या रेघेखाली जाऊ द्यायचं नाही, आणि टाकी धुवायची ती मे महिन्यात.